खाडीपलीकडचा एक दिवस

ज्या शहरात मनुष्याचे बालपण व विद्यार्थिदशा गेली, त्या शहरात तो पुढे कामानिमित्त कितीही वेळा गेला तरी ते खरे जाणे नव्हे. हातात कागदपत्रांची पिशवी, डोळे घड्याळाकडे आणि चित्त परतीच्या गाडीकडे, अशा स्थितीत शहर नजरेसमोरून जाते, परंतु दिसत मात्र नाही. आम्ही तुर्भ्यास राहावयास आलो त्यास आता सहा वर्षे होऊन गेली. येथून मुंबई म्हणजे मध्ये काय ती एक खाडी. वर्षातून दहा-बारा वेळा तरी आम्हांस तिकडे जावे लागते. परंतु ज्या भायखळ्यात आमच्या आयुष्याची पहिली तेवीस वर्षे गेली, त्या भायखळ्यात सावकाशपणे, कोणतेही काम अंगावर न घेता हिंडण्याचा योग मात्र या सहा वर्षांत एकदाही आला नव्हता. तो योग गेल्या नाताळाच्या सुट्टीत आला. त्या एका दिवसाची हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगावी असे मनात आहे. हकीकत साधीच आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट अशी आहे की, ती आजपर्यंत आम्ही कोणासच सांगितली नव्हती.

बेत मूळचा आमचा नव्हेच. तो आमच्या कन्येचा. ती आठव्या इयत्तेत आहे. नाताळचा सण आटोपून चार दिवस झाले होते, घरातील करंज्या संपत आल्या होत्या, आणि सुट्टी मात्र शिल्लक होती. "बाबा, तुम्ही लहानपणी कोठे राहत होता ते मला एकदा दाखवा ना," असे तिने म्हटले, आणि घरच्या मंडळींनीही तिचीच बाजू घेतली. "उत्तरपत्रिका कोठे पळून जात नाहीत," असे त्यांचे म्हणणे पडले. ते खरेच होते.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही दोघे तुर्भे स्टेशनावर आलो. तुर्भ्याची सकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांस तिचे वर्णन सांगावयास नको. एका बाजूस दगडाच्या खाणींनी कापून काढलेले डोंगर, दुसऱ्या बाजूस बाजार समितीची विस्तीर्ण आवारे, आणि मध्ये मालमोटारींची न संपणारी रांग. वारा फिरला की कधी मिरची-धण्यांचा वास येतो, कधी पिकलेल्या फळांचा, कधी कांद्याचा. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार येथे आहेत. मुंबईच्या लाखो चुली रोज पेटतात त्या याच बाजारांच्या जोरावर. आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे पालक याच आवारांत पोट भरतात.

ठाणे व वाशी यांस जोडणारा हा लोहमार्ग २००४ साली उतारूंसाठी खुला झाला. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली अशी एकेक स्टेशने मागे टाकीत, खाडी ओलांडून गाडी ठाण्यास पोहोचली. तेथे भायखळ्यास जाणारी गाडी पकडण्यापूर्वी कन्येस आम्ही शिक्षकाच्या सवयीप्रमाणे एक प्रश्न घातला, "या स्टेशनाचे महत्त्व काय?" तिने बरोबर उत्तर दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी येथपर्यंत आली होती. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि पुढे साहिब, सिंध व सुलतान या नावांची तीन इंजिने. आज त्याच मार्गावरून जाताना आपणांस बसावयास जागा मिळाली नाही म्हणून आपण कुरकुरतो, हे मात्र त्या पाहुण्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

कुर्ला, दादर मागे पडले. परळपासून पुढे आम्ही खिडकीशी उभे राहिलो. आमच्या लहानपणी येथे गिरण्यांची धुराडी एकापुढे एक उभी असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील पुष्कळशी कायमची थंड झाली. तेव्हा आम्ही अगदीच लहान होतो. परंतु धूर नसलेली ती धुराडी आमच्या शाळेच्या वाटेवर वर्षानुवर्षे तशीच उभी होती. आता त्यांच्या जागी काचेचे उंचच उंच मनोरे झाले आहेत. एखादे धुराडे कोठे तरी दोन इमारतींच्या फटीतून डोकावते. परक्या घरात बसलेल्या म्हाताऱ्यासारखे ते दिसले.

भायखळा स्टेशन मात्र पाहून आनंद झाला. आमच्या वेळी त्या जुन्या इमारतीवर एवढे पत्रे, पाट्या व रंगांचे थर चढलेले होते की, तिच्याखाली काही सुंदर असेल अशी शंकाही येत नसे. आता ते सर्व काढून टाकून तिचे मूळ रूप उघडे केले आहे, आणि २०२२ साली या जीर्णोद्धाराचा युनेस्कोने गौरव केला. दगडी भिंती, लाकडी काम, जुन्या घडणीच्या खिडक्या यांकडे आम्ही कितीतरी वेळ पाहत राहिलो. "तुम्ही रोज येथूनच जात होता ना?" कन्येने विचारले. "रोज," आम्ही म्हणालो. "मग तुम्हांला हे कधी दिसले नाही?" या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हते. चांगली वस्तू रोज डोळ्यांसमोर असते आणि तिच्यावर बसलेल्या मळामुळे आपण तिला ओळखीत नाही, हा विचार त्या वेळी मनात येऊन गेला. त्याचा खरा अर्थ आम्हांस सायंकाळपर्यंत उमगणार होता.

स्टेशनाजवळच्या इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का व चहा घेऊन आम्ही आमच्या जुन्या चाळीकडे निघालो. चाळ नव्हती. तिच्या जागी पत्र्यांचे कुंपण होते व आत एक उंच इमारत वर चढत होती. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा एका खोलीत आम्ही पाच माणसे राहत होतो. ती खोली आता आकाशात कोणत्या उंचीवर होती, एवढाच काय तो अंदाज करावयाचा. तरी कोपऱ्यावरचा नळ होता, पिंपळ होता, आणि गल्लीच्या तोंडाशी बसणारी चांभाराची पेटीही होती. तीवर मात्र आता मुलाच्या जागी नातू बसला होता.

तेथून रविवारच्या उपासनेस जाण्याचा आमचा जुना रस्ता धरला. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले; त्यांच्या मागून आलेल्यांनी भायखळ्याच्या परिसरात शाळा व उपासनेची ठिकाणे उभारली. आमच्या वडिलांस, म्हणजे आप्पांस, लिहिणेवाचणे बेताचेच येत होते. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने त्यांस मुखोद्गत होती, आणि 'उपासना संगीता'चे पुस्तक हातात उलटे असले तरी त्यांचा एक शब्द चुकत नसे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला, आणि १९१९ च्या मे महिन्यात त्यांचा अंतही येथून जवळच असलेल्या जे. जे. रुग्णालयात झाला. त्या रुग्णालयावरून जाताना आप्पा नेहमी डोक्यावरची टोपी काढीत. आम्हांस लहानपणी त्याची लाज वाटे. रस्त्यातील लोक पाहत असत ना!

मग राणीच्या बागेत गेलो. बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे; परंतु भायखळेकरांच्या तोंडी अद्यापि राणीची बागच आहे. कन्येस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पाहावयाचे होते. ते २०१६ साली येथे आणले गेले. ते पाहून झाल्यावर आम्ही तिला आमच्या वेळच्या दोन ओळखीच्या मंडळींकडे नेले. एक काळा घोडा. फोर्टातील ज्या भागास त्याचे नाव पडले, तेथून १९६५ साली तो व त्यावरचा राजा येथे येऊन राहिले आहेत. दुसरा, संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती. मूळचा तो घारापुरीच्या बेटावरचा. बेटास पोर्तुगीजांनी दिलेले नाव त्याच्यावरूनच पडले. त्याला विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो उचलताना पडून फुटला. पुढे त्याचे तुकडे जोडून त्यास येथे उभे करण्यात आले. ज्या संग्रहालयापुढे तो उभा आहे ते १८७२ साली लोकांस खुले झाले, व आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्यातील एका गरीब घरातून आलेला हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. सुट्टीच्या दिवशी आप्पा आम्हांस येथे आणीत, हत्तीच्या सांध्यांवरून हात फिरवीत व म्हणत, "बघ, फुटलेलंबी जोडता येतंय."

बागेबाहेर येताच कन्येने विचारले, "आजोबा कोठे कामाला होते?"

आता, वाचकहो, आप्पा कोण होते हे सांगणे प्राप्त आहे. १९७२ च्या दुष्काळात ते नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यातून मुंबईस आले, आणि भायखळ्याच्या भाजीबाजारात त्यांनी पाठीवर गोण्या वाहण्याचे काम धरले. पुढे ते माथाडी कामगार म्हणून नोंदले गेले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. या लोकांस पूर्वी मजुरीची शाश्वती नव्हती, आजारपणात कोणी विचारीत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्र सरकारने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यान्वये मंडळे स्थापन झाली. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी यांची व्यवस्था झाली. आम्ही पदवीधर झालो त्याच्या मागे मिशनची शिष्यवृत्ती जशी होती, तसा हा कायदाही होता, आणि त्या दोहोंच्या मागे आप्पांची पाठ होती.

कन्येस आम्ही भाजीबाजार दाखविला. भाजीची घासाघीस तेथे अद्याप चालते, कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग अद्याप पडतात. परंतु मुख्य घाऊक बाजार १९९६ साली तेथून उठून खाडीपलीकडे गेला. "कोठे?" तिने विचारले. "तुर्भ्यास," आम्ही म्हणालो. ती चालता चालता थांबली. "म्हणजे आपल्या तुर्भ्यास? मग आजोबा तेथे कामाला होते?" आम्ही मान हलविली. ती पुढे काही बोलली नाही. तिच्या डोक्यात हिशेब चालला आहे, एवढे मात्र आम्हांस कळले.

टॅक्सीने आम्ही गिरगावच्या चौपाटीवर आलो. भेळ घेतली, वाळूत बसलो. लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ जाऊन आलो. १ ऑगस्ट १९२० रोजी ते निवर्तल्यावर त्यांचा अंत्यविधी याच वाळूवर झाला. एक टिळक १९१९ त गेले, दुसरे १९२० त. दोघांच्याही आयुष्याचा शेवट याच शहरात झाला. मग रस्ता ओलांडून विल्सन कॉलेजापुढे उभे राहिलो. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली लावलेल्या रोपट्याचा हा वृक्ष. समुद्राकडे तोंड करून असलेली ही दगडी इमारत १८८९ सालची. सुट्टीमुळे सर्वत्र सामसूम होती. पहारेकऱ्यास आम्ही येथील जुने विद्यार्थी आहोत असे सांगितल्यावर त्याने आम्हांस पायऱ्यांवर बसू दिले.

त्या पायऱ्यांवर बसल्यावर मात्र आमच्या सावकाश दिवसाची गाडी एकाएकी थांबली.

१९९८ चा जून महिना होता. दोन दिवसांपूर्वी मृगाचा पाऊस सुरू झाला होता. बी. ए. च्या पहिल्या वर्षाची फी भरण्याचा तो अखेरचा दिवस. घरात पैसे नव्हते. आप्पा बाजारातून उचल घेऊन येणार होते. बाजार तुर्भ्यास गेल्यापासून ते रात्रीच्या शेवटच्या गाडीने निघत, कुर्ल्यास गाडी बदलून वाशीस उतरत व तेथून पायी बाजारात जात. त्या काळी तुर्भ्यास रेल्वे नव्हती. पहाटेपर्यंत ओझी वाहून, दुपारच्या सुमारास घरी येत. त्या दिवशी घरी न जाता ते परस्पर कॉलेजात आले.

आम्ही याच पायऱ्यांवर चार-पाच मित्रांसह उभे होतो. ते मित्र चांगल्या सुखवस्तू घरांतील होते. वडील काय करतात असे त्यांनी एकदा विचारले असता, आम्ही "भाजीच्या व्यापारात आहेत" असे उत्तर देऊन ठेविले होते. तेवढ्यात फाटकातून आप्पा येताना दिसले. अंगातील सदरा भिजलेला व पालेभाजीच्या रसाने हिरवा झालेला, खांद्यावर गोणपाटाची घडी, पायांत चिखल. त्यांनी आम्हांस पाहिले व त्यांच्या तोंडावर हसू आले. एका मित्राने विचारले, "हे कोण रे?"

आम्ही म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

आप्पा तोपर्यंत तीन पायऱ्या खाली येऊन पोहोचले होते. त्यांनी ते ऐकले. क्षणभर ते तेथेच उभे राहिले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे काढले, आमच्या हातावर ठेविले, आणि त्या मित्रांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी गावचा हाय. ह्यांच्या वडिलांनी फीचं पैसं दिल्यात. मोजून घ्या." 'घ्या' म्हणाले, आपल्या मुलास त्यांनी 'घ्या' म्हटले! आणि ते मागे वळून पावसात निघून गेले.

आमचे खोटे उघडे पडू नये म्हणून त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने खरे केले. पेत्राने प्रभूस ओळखीत नाही असे तीन वेळा म्हटल्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यास निदान जिवाची भीती होती. आम्हांस कशाची होती? एका हिरव्या डागाची.

रात्री घरी गेलो तेव्हा आप्पा जेवून कामावर निघण्याच्या तयारीत होते. आम्ही क्षमा मागण्याचे शब्द वाटेत जुळवून आणले होते. त्यांनी फक्त विचारले, "फी भरलीस का?" आम्ही "हो" म्हटले. "बरं झालं," असे म्हणून त्यांनी गोणपाट खांद्यावर टाकले व जिना उतरून गेले. आम्ही जुळविलेले शब्द तसेच राहिले. उद्या बोलू, परीक्षा झाल्यावर बोलू, पहिला पगार हातात ठेवताना बोलू, असे करता करता पाच वर्षे गेली. २००३ साली, थोडक्या आजाराने, आप्पा गेले. पुढे नोकरीनिमित्त आम्ही मुंबई सोडली.

हे सर्व आम्ही कन्येस त्या पायऱ्यांवर बसून सांगितले. तिने कोठेही मध्ये तोंड घातले नाही. सांगून झाल्यावर आम्हांस वाटले, हिच्या नजरेतून आपण आज उतरलो. ती थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा रागावले होते का?" "नाही," आम्ही म्हणालो. "रागावले असते तर बरे झाले असते."

"तुर्भ्याच्या बाजारात तुम्ही आजोबांची जागा पाहिली आहे?"

नव्हती पाहिली. आप्पा तेथे सात वर्षे राबले, त्या सात वर्षांत आम्ही एकदाही तेथे गेलो नव्हतो. आणि मागील सहा वर्षे घरापासून पाऊण मैलावर ते आवार असून, रस्त्यावर भाजी घेऊन आम्ही परत फिरत होतो. फाटकाच्या आत पाऊल टाकीत नव्हतो. वेळ नाही, गर्दी असते, किरकोळ माल मिळत नाही अशी कारणे आम्ही घरात सांगत असू. खरे कारण आता कन्येस कळले होते.

"मग आज जाऊ या," ती म्हणाली.

गिरगावाहून बसने आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आलो. जागतिक वारशाच्या यादीत २००४ साली जिचे नाव गेले, अशी ती भव्य इमारत त्या दिवशी आम्ही नीट पाहिलीच नाही. पनवेलच्या गाडीत बसलो. मानखुर्द सोडून गाडी पुलावर आली तेव्हा सूर्य मावळतीस टेकला होता व खाडीस ओहोटी लागली होती. चिखलात दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. ठाण्याच्या या खाडीचा एक भाग २०१५ साली त्यांचे अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला, आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. मोटारींचा पहिला पूल येथे १९७३ साली झाला. आगगाडी १९९२ साली वाशीस आली. त्या नव्या पुलावरून आप्पा रोज रात्री गेले असतील, तेव्हा बाहेर काळोखच असेल. परत येताना दुपारी तरी त्यांनी हे पक्षी पाहिले असतील काय? की डोळे मिटलेले असतील? आम्ही त्यांस हे कधी विचारले नव्हते. वस्तुतः त्यांस आम्ही काहीच विचारले नव्हते.

वाशीस गाडी बदलून तुर्भ्यास उतरलो, आणि घराकडे न वळता बाजाराकडे गेलो. अंधार पडला होता. भाजीबाजाराच्या आवारात दिवे लागले होते आणि नाशिक, जुन्नर, सातारा या बाजूंच्या मालमोटारी एकामागून एक आत येत होत्या. काही गाळ्यांपुढे उतरलेला कोबी रचून ठेविला होता. एका गाळ्याच्या पायरीवर पाच-सहा माथाडी चहा घेत बसले होते. त्यांतील एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे पाहून म्हणाले, "काय पायजे साहेब? हितं किरकोळ मिळत न्हाई."

आम्ही शब्द शोधीत होतो. तेवढ्यात आमच्या कन्येने सांगून टाकले, "माझे आजोबा येथे काम करीत होते. ते माथाडी होते."

किती सहज बोलली! जे वाक्य आम्हांस पंचवीस वर्षांहून अधिक काळ उच्चारता आले नाही, ते तिने एका श्वासात उच्चारले, आणि आकाश कोसळले नाही. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "असं का? आपल्यातलीच म्हणायची मग! कोणत्या टोळीत हुते?"

माथाडी कामगार टोळी करून काम करतात. प्रत्येक टोळीस मुकादम असतो, आणि एका टोळीतील माणसे एकमेकांस भावासारखी धरून असतात. आप्पांची टोळी कोणती होती, मुकादम कोण होता, सोबती कोण होते? आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. रेव्हरंड टिळकांचा मृत्यू कोठे झाला हे आम्हांस ठाऊक होते, पहिल्या आगगाडीच्या इंजिनांची नावे ठाऊक होती. आपल्या बापाची टोळी ठाऊक नव्हती.

"नाही माहीत," आम्ही म्हणालो. आणि मग, उशिरा का होईना, आमच्या तोंडून निघाले, "ते माझे वडील."

म्हाताऱ्याने आम्हांस निरखून पाहिले. अधिक काही विचारले नाही. त्याने सरकून जागा केली, कन्येस एका गोणीवर बसविले, आम्हां दोघांस चहा मागविला. "पन्नास किलो हाय ती," कन्या गोणी दाबून पाहत होती तेव्हा तो तिला म्हणाला. तिने दोन्ही हातांनी ती उचलून पाहिली. गोणी तसूभर हलली नाही. आम्हीही उचलून पाहिली. आमच्याने ती गुडघ्यापर्यंतही आली नाही. अशा किती गोण्या आमच्या एका पदवीसाठी लागल्या असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत मिळावयाचा?

निघताना त्याने कन्येच्या ओंजळीत वाटाण्याच्या शेंगा घातल्या. आम्ही पैसे पुढे केले तर तो हसला. "आजोबाच्या जागंवर आली पोर. पैसं कशाचं?"

आता हे सारे आम्ही आमच्या शाळेच्या वार्षिकात का लिहिले, ते सांगतो. नाताळापूर्वीच्या पालकसभेच्या दिवशी आम्ही दाराशी उभे होतो. एक आई कामावरून तशीच आली होती. तिच्या मुलाने तिला फाटकाशीच थांबविले, आणि मित्राने विचारल्यावर "शेजारच्या बाई आहेत," असे सांगितले. आम्ही ते ऐकले. शिक्षक या नात्याने त्या मुलास बाजूस घेऊन दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य होते. परंतु आमचे तोंड उघडेना. ज्याने स्वतः तेच केले आहे त्याने कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. आमचा दुसरा अपराध तो हाच.

त्या मुलास आम्ही रागे भरत नाही. त्याने हे वाचले तर एवढेच ध्यानात घ्यावे की, आईने ते ऐकले आहे, व तिने ते त्याच्यासाठी पोटात ठेविले आहे. तिला सांगावयाचे शब्द जुळलेले असोत वा नसोत, त्याने ते आजच रात्री सांगावे. परीक्षा होईपर्यंत थांबू नये. पहिल्या पगारापर्यंत तर मुळीच थांबू नये.

आणि पालकांस आमची एक विनंती आहे. येत्या पालकसभेस आपण कामावरून येणार असाल तर त्याच कपड्यांत या. कपडे बदलण्यासाठी घरी जाण्याची तसदी घेऊ नका. आम्ही दाराशी उभे राहू, आणि आपण कोणत्या टोळीत, कोणत्या गाळ्यावर, कोणत्या कारखान्यात काम करता ते आपल्या मुलांदेखत विचारून घेऊ. आम्हांस ते माहीत असावयास हवे. आपल्या मुलांस तर त्याहून अधिक.